“मुख्य मेनूसाठी ९ दाबा”: एका फोन-मेनूची समीक्षा

संशोधनाच्या तयारीला लागलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: “ताई, डेटा गोळा करताना चूक नेमकी कुठे होते?” आजवर मी पुस्तकी उत्तर देत आले. नमुना चुकतो, प्रश्न नीट लिहिलेले नसतात, उत्तरं देणारे कंटाळतात वगैरे. हे सगळं खरंच आहे. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी एक प्रकरण झालं आणि मला माझं उत्तर बदलावं लागलं. बऱ्याच वेळा चूक डेटा गोळा व्हायच्या आधी, दारातच झालेली असते. ते दार कसं दिसतं हे समजावं म्हणून आज मी एका फोन-मेनूची समीक्षा करणार आहे. समीक्षा म्हणजे तक्रारीचा पाढा नव्हे. एखादा शोधनिबंध आपण जसा वाचतो तसाच हा मेनू वाचायचा: कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, काय गृहीत धरलं आणि काय वगळलं.

आधी प्रसंग सांगते.

आईला गावात पिठाची गिरणी टाकायची होती. बँकेत अर्ज केला, तर शाखेतले साहेब म्हणाले, “काकू, तुमचं सिबिल बसत नाही.” अहवाल काढून पाहिला. चार वर्षांपूर्वी पूर्ण फेडलेलं दुचाकीचं कर्ज त्यात ‘चालू’ दिसत होतं, वर थकबाकीही होती. आईकडे त्या कर्जाचा नाहरकत दाखला आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेला. साहेबांनी दाखला पाहिला आणि एक नंबर लिहून दिला. “इथे फोन करा, ते दुरुस्त करतील.”

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्या २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालतात आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. त्या कर्ज देत नाहीत. बँका आणि वित्त कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पाठवतात, त्या ती जुळवतात, अहवाल आणि गुणांक बनवतात आणि पुढच्या बँकेला देतात. आपल्याकडे ‘सिबिल’ हा शब्द ‘झेरॉक्स’सारखा झालाय; अहवाल चौघांपैकी कोणाचाही असो, लोक सिबिलच म्हणतात. आईने फोन केला ती कंपनी कोणती हे मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते या प्रकारच्या मेनूबद्दल.

आईने फोन केला तेव्हा मी विद्यापीठात होते. दोन आठवड्यांनी घरी गेले आणि विचारलं, “काय झालं त्या सिबिलचं?”

“मी तक्रार केली की! त्या बाईला सगळं सांगितलं. दाखल्याची तारीखसुद्धा वाचून दाखवली. आता फोन येईल त्यांचा.”

“कोणत्या बाईला?”

“अगं, फोनवरच्या. बोलत होती की हिंदीतनं. मध्ये मध्ये परत पहिल्यापासून बोलायला लागायची, पण मी सांगितलं सगळं. आणि रेकॉर्ड होतंय असं तीच म्हणाली.”

मला काय झालं असेल ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. फोन लागल्यावर सुरुवातीला एक वाक्य ऐकू येतं: हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो. आईने त्याचा अर्थ लावला की तिचं म्हणणं नोंदवलं जातंय. तलाठ्याकडे नोंद होते, पोलिसांत नोंद होते, तशी. मग एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाला तिने ‘ताई’ म्हणून सगळी हकीकत सांगितली, कोणतंही बटण न दाबता. आवाजाने मेनू वाचला, परत वाचला आणि फोन बंद झाला. आई दोन आठवडे उत्तराची वाट बघत होती.

हसू नका. आईचा तर्क बिनचूक होता. चुकीचं काय होतं ते आता बघू.

मेनू कोणासाठी लिहिलाय?

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन केला. प्रत्येक फाटा कुठे जातो ते लिहीत गेले आणि मेनूचं झाड काढलं. हे काम तुम्हीही कुठल्याही मेनूवर एका दुपारी करू शकता.

सुरुवातीला भाषा: इंग्रजी किंवा हिंदी. मग चार पर्याय: अहवाल किंवा गुणांक विकत घ्यायचा असेल तर १, सदस्यत्व आणि पासवर्डसाठी २, आधी नोंदवलेल्या तक्रारीची स्थिती जाणून घ्यायची असेल तर ३, बँक किंवा संस्थेतर्फे बोलत असाल तर ४. मेनू पुन्हा ऐकायला ९. नवीन तक्रार कुठे करायची? १ च्या आत, दोन पायऱ्या खाली, एक रेकॉर्ड केलेलं वाक्य होतं: कृपया आमच्या संकेतस्थळाला भेट द्या. जिवंत माणसापर्यंत नेणारी जी वाट मला सापडली ती ३ मधून जात होती, आणि तिथे आधी तक्रार क्रमांक विचारला जायचा. म्हणजे तक्रार नोंदवलेली असेल तरच माणसाशी बोलता येणार, आणि तक्रार नोंदवायची तर फोनवर नाही, संकेतस्थळावर.

प्रत्येक मजकुराच्या मागे एक कल्पित वाचक असतो. या मेनूच्या मागचा कल्पित माणूस अगदी स्पष्ट दिसतो. त्याच्याकडे इंटरनेट आहे. इंग्रजी किंवा हिंदीत त्याचं भागतं. अहवाल त्याने आधीच पाहिलाय, त्याच्या माथ्यावरचा लांबलचक क्रमांक त्याच्या हाताशी आहे. आपली अडचण कोणत्या खान्यात बसते हेही त्याला ठाऊक आहे. आणि मुख्य म्हणजे तो ग्राहक आहे, काहीतरी विकत घेणारा. आई यातली कोणीच नव्हती. तिची अडचण एका वाक्यात होती, “मी कर्ज फेडलंय आणि तुमच्याकडे फेडलेलं दिसत नाही,” आणि या वाक्याला बटण नव्हतं.

जेफ्री बोकर आणि सुसान ली स्टार यांचं ‘सॉर्टिंग थिंग्ज आउट’ हे १९९९ चं पुस्तक वर्गीकरणावर काम करणाऱ्याने वाचायलाच हवं. त्यांचा एक मुद्दा इथे थेट लागू पडतो: वर्गवारीत न बसणारं सगळं उरलेल्या खान्यात जातं, आणि ते खानं बघितलं की मूळ वर्गवारीत काय राहून गेलंय ते कळतं. आईच्या बाबतीत उरलेलं खानंसुद्धा नव्हतं. ‘इतर काही अडचण असल्यास’ हा पर्यायच नव्हता.

घड्याळ कधी सुरू होतं?

आता नियम बघू. रिझर्व्ह बँकेने याबाबत बरंच केलंय, हे आधी कबूल करायला हवं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे परिपत्रक ऑक्टोबर २०२३ मधलं, लागू झालं एप्रिल २०२४ पासून. कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई तिच्या माथी, तिने वेळेत पाठवूनही काम अडलं तर पतमाहिती कंपनीच्या. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखालीही आल्या आहेत.

पण हे ३० दिवस मोजायचे कधीपासून? तक्रार दाखल झाल्यापासून. मेनू त्याच्या आधी येतो.

आमची गोष्ट पुढे अशी झाली. मी संकेतस्थळावरून तक्रार नोंदवली, दाखला जोडला, आणि आईने वित्त कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला, पोचही घेतली. ही दुसरी पायरी महत्त्वाची आहे, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुजोरा दिल्याशिवाय पतमाहिती कंपनी नोंद बदलू शकत नाही. २६ दिवसांत नोंद दुरुस्त झाली. कंपनीच्या दप्तरी ही तक्रार ‘मुदतीत निकाली’ म्हणून जमा झाली असणार, आणि ते खोटं नाही. पण आईने पहिला फोन केला त्या दिवसापासून तक्रार नोंदवेपर्यंत १९ दिवस गेले. ते १९ दिवस कुठल्याही तक्त्यात नाहीत. उद्या तुम्ही या विषयावर प्रबंध लिहायला घेतलात आणि तक्रार निवारणाची आकडेवारी मागवलीत, तर आईची केस तुम्हाला यशस्वी म्हणूनच दिसेल.

अमेरिकेतला २००० सालचा धडा

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा १९७० मध्ये झाला. १९९६ च्या दुरुस्तीने त्यात एक छान अट घातली: देशभर काम करणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाला अहवालासोबत एक निःशुल्क फोन नंबर द्यायचा, आणि त्या नंबरवर कामाच्या नेहमीच्या वेळेत कर्मचारी उपलब्ध असले पाहिजेत. शब्द नीट बघा. नुसता नंबर पुरेसा नाही, फोनच्या पलीकडे माणसं हवीत.

जानेवारी २००० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिन्ही मोठ्या कंपन्यांवर आरोप ठेवला की त्यांनी पुरेशी माणसं ठेवली नाहीत. लाखो फोन लागलेच नाहीत, आणि जे लागले त्यातल्या अनेकांना फार वेळ ताटकळत ठेवलं गेलं. कंपन्यांनी तडजोड केली. एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियनने प्रत्येकी १० लाख डॉलर भरले, इक्विफॅक्सने ५ लाख. तडजोडीत दोन मापं ठरली: न लागणाऱ्या फोनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि थांबण्याचा सरासरी वेळ ३ मिनिटं ३० सेकंदांच्या वर जाता कामा नये. २००३ मध्ये इक्विफॅक्सला ही मापं न पाळल्याच्या आरोपावरून आणखी अडीच लाख डॉलर द्यावे लागले.

मला ही तडजोड आवडते. अस्पष्ट कर्तव्याचं मोजता येईल अशा गोष्टीत रूपांतर केलं, आणि पुढे ते मोजूनही दाखवलं. संशोधनात आपण यालाच कार्यकारी व्याख्या म्हणतो. पण समीक्षा म्हटली की पुढचा प्रश्न आलाच: कायद्यात होतं ‘माणसं उपलब्ध असावीत’, मापात काय उरलं? फोन लागला का आणि किती वेळात उचलला. पलीकडच्या माणसाला काही दुरुस्त करायचा अधिकार होता का, फोन करणाऱ्याचं काम झालं का, हे या दोन आकड्यांत येत नाही. आईचा फोन या मापाने बघा. पहिल्या रिंगला लागला. थांबावं लागलं नाही. दोन्ही निकषांवर शंभरपैकी शंभर.

ज्यांनी फोन ठेवला ते कुठे गेले?

स्वयंचलित फोन-सेवा चालवणाऱ्यांच्या जगात एक माप फार लाडकं आहे: किती फोन माणसापर्यंत न जाता यंत्रातच संपले. हे प्रमाण जितकं जास्त तितकी सेवा स्वस्त. अडचण अशी की यंत्रात संपलेला फोन दोन प्रकारचा असतो. एकाला हवी ती माहिती मिळाली म्हणून त्याने फोन ठेवला. दुसरा वैतागला म्हणून त्याने ठेवला. नोंदीत दोघंही सारखेच. आईचा फोनही असाच एक ‘यंत्रातच संपलेला’ फोन असणार.

यावर तुम्ही म्हणाल, वैतागलेला ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाईल, मग कंपनी सुधारेल. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात हेच मांडलं: संस्था बिघडली की माणसाकडे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. पतमाहितीच्या बाबतीत पहिली वाट बंदच आहे. आईने ती कंपनी निवडली नव्हती, त्यामुळे ती सोडताही येत नाही. कंपनीचे मोठे ग्राहक म्हणजे बँका, आई तर त्यांच्या मालातली एक नोंद. सोडून जाता येत नाही तिथे आवाजाला दुप्पट किंमत असते, आणि मेनू नेमका आवाजाच्याच वाटेवर उभा आहे. म्हणून किराणा पोचवणाऱ्या ॲपचा वाईट मेनू आणि पतमाहिती कंपनीचा वाईट मेनू यांना मी एकाच मापाने मोजायला तयार नाही.

आता याच्या उलट उदाहरण. फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये अहवालांच्या अचूकतेचा एक मोठा अभ्यास पूर्ण केला. त्यात १,००१ लोक होते. २६ टक्के लोकांना आपल्या अहवालात महत्त्वाची ठरू शकेल अशी निदान एक चूक सापडली. तक्रारीनंतर साधारण दर पाचातल्या एकाचा निदान एक अहवाल बदलला गेला. ५ टक्के लोकांच्या बाबतीत चूक इतकी मोठी होती की त्यांना कर्ज महाग पडलं असतं. हे आकडे खूप ठिकाणी उद्धृत होतात. पण पद्धत वाचा. प्रत्येक सहभागी व्यक्तीसोबत अभ्यासातला एक जाणकार माणूस अहवाल वाचायचा, चूक ओळखायला आणि तक्रार करायला मदत करायचा. म्हणजे संशोधकांनी आधी दार उघडलं आणि मग आत काय आहे ते मोजलं. फोनच्या नोंदींवरून चुका मोजल्या असत्या तर दार अर्धवट बंद ठेवूनच मोजल्यासारखं झालं असतं. कोणताही आकडा वाचताना विचारा: हा कोणत्या दारातून आलाय?

मेनूची बाजू

एकतर्फी समीक्षा वाईट, म्हणून दुसरी बाजूही बघू. पतमाहिती ही खाजगी गोष्ट आहे. कोणीही फोन करून “माझ्या आईची नोंद बदला” म्हणालं आणि ती बदलली, तर अनर्थ होईल. ओळख पटवायलाच हवी. फोन करणारे प्रचंड संख्येने असतात आणि त्यातल्या अनेकांचे प्रश्न खरोखर एका वाक्यात सुटणारे असतात. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बोलणारा मेनू संकेतस्थळापेक्षा कितीतरी चांगला, अट एवढीच की तो त्याच्या भाषेत बोलला पाहिजे.

माझी मागणी म्हणूनच छोटी आहे. “माझ्या अहवालात चूक आहे” हा पर्याय पहिल्या पायरीवर असावा, मराठीसह स्थानिक भाषांत असावा, आणि तो दाबल्याबरोबर तक्रार क्रमांक मिळावा. कागद, ओळख, पडताळणी नंतर. घड्याळ मात्र त्या क्षणी सुरू व्हायला हवं. यंत्र काढून टाका असं मी म्हणत नाही. यंत्राने नोंद घ्यावी, इतकंच. आईला तरी वेगळं काय वाटलं होतं?

आणि आता तुमची प्रश्नावली

हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? घरून परत आल्यावर मी माझी स्वतःची प्रश्नावली उघडली. कर्ज घेणाऱ्या महिलांवरची. त्यात एक प्रश्न होता: “कर्जाबाबत अडचण आल्यास आपण तक्रार केली का?” पर्याय: होय, नाही. आई या प्रश्नाला बेधडक ‘होय’ म्हणाली असती, आणि मी तिला ‘तक्रार यंत्रणेचा वापर करणाऱ्या’ गटात टाकून मोकळी झाले असते. माझा प्रश्नसुद्धा त्या मेनूचाच भाऊ निघाला.

मी तो बदलला. आता विचारते: “अडचण आली तेव्हा तुम्ही काय काय केलं, पहिल्यापासून सांगा.” मग ऐकते आणि नंतर खाने पाडते. वेळ तिप्पट जातो. मार्गदर्शक कुरकुरले, नमुना कमी करावा लागला. पण पहिल्या काही मुलाखतींतच मला ‘केली’ आणि ‘पोचली’ यांतलं अंतर दिसायला लागलं, आणि आता प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच आहे.

तुम्ही अजून प्रश्नावली केली नसेल तर आधी हे करून बघा. कुठलाही एक सरकारी किंवा खाजगी मदत-क्रमांक घ्या आणि त्याच्या मेनूचं झाड कागदावर काढा. कोणत्या फांदीच्या टोकाला माणूस आहे ते खुणा करा. मग एका खऱ्या माणसाची खरी अडचण घ्या, त्याच्याच शब्दांत, आणि ती कोणत्या बटणावर बसते ते शोधा. बसली नाही तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. शेवटी स्वतःची प्रश्नावली त्या झाडाशेजारी ठेवा आणि ते वाक्य तिच्यात तरी कुठे बसतं का ते बघा.

गिरणीचं कर्ज मंजूर झालं, पण दिवाळी हातची गेली होती, आणि भाजणी-अनारशाच्या पिठाचा धंदा दिवाळीच्या आधीच्या महिन्यातच असतो. आईने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. “कुणाला फोन करायचा,” म्हणाली.